बटण दाबले, पण खिडकी का उघडली नाही?

शाळेच्या कार्यालयात संगणकावरून फीची पावती किंवा विद्यार्थ्याचे गुणपत्रक छापायचे असते. वेबसाइटवर सर्व माहिती भरून झालेली असते. आपण 'छापा' असे लिहिलेले बटण दाबतो आणि काहीच होत नाही. पावती नाही, चूक झाल्याची सूचनाही नाही. आपण पुन्हा दाबतो. तिसऱ्या वेळी जरा जोर लावून दाबतो. (जोराने दाबल्याने संगणकाला काही फरक पडत नाही, दाबणाऱ्याला मात्र बरे वाटते.) मग कोणी जाणकार येतात, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन पॉप-अप ब्लॉकर नावाची सोय कायमची बंद करतात आणि पावती उघडते. काम झाले म्हणून सगळे आपापल्या वर्गावर जातात.

आमच्या मते येथे दोन गोष्टी बिघडल्या. एक म्हणजे ज्याने ते वेबपान तयार केले त्याला ब्राउझरचा एक साधा नियम माहीत नव्हता किंवा तो त्याने पाळला नाही. दुसरी गोष्ट अशी की त्याच्या चुकीची भरपाई म्हणून शाळेने आपल्या संगणकाचे दार सताड उघडे टाकले. आता त्याच संगणकावर दुपारी मुले बसतील. 'तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, या क्रमांकावर ताबडतोब फोन करा' अशी खोटी खिडकी आपोआप उघडली तर तिला अडवणारे कोणी राहिलेले नाही. म्हणून हा नियम काय आहे आणि तो कशासाठी झाला हे शिक्षकांनी व वेबपाने बनवू पाहणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतलेले बरे.

आधी थोडा इतिहास पाहू. वेबपानात ज्या भाषेत आज्ञावली लिहितात ती जावास्क्रिप्ट ही भाषा नेटस्केप कंपनीतील ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली, मे महिन्यातील सुमारे दहा दिवसांत, तयार केली. त्या भाषेत 'विंडो-ओपन' ही आज्ञा अगदी सुरुवातीपासून आहे. तिला एखाद्या पानाचा पत्ता दिला की ते पान नव्या खिडकीत उघडते. शब्दार्थ सांगण्याची छोटी खिडकी, मोठे चित्र दाखवणारी खिडकी, छपाईसाठी वेगळे पान अशा सरळ कामांसाठी ती उपयोगी होती.

पण काही वर्षांतच तिला जाहिरातदारांनी गाठले. ट्रायपॉड नावाच्या वेबसाइटवर लोकांना स्वतःची पाने फुकट बनवता येत आणि त्या पानांवर कंपनी जाहिराती लावी. एकदा एका मोठ्या मोटार कंपनीची जाहिरात तिला लाज वाटावी अशा मजकुराच्या पानावर झळकली व तिने तक्रार केली. यावर तोड म्हणून ट्रायपॉडमधील ईथन झुकरमन यांनी जाहिरात पानावर न लावता वेगळ्या खिडकीत उघडणारी आज्ञावली लिहिली. म्हणजे जाहिरात आणि मजकूर यांचा संबंध दिसायला नको! पुढे २०१४ साली 'द अटलांटिक' या नियतकालिकात लेख लिहून झुकरमन यांनी याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. तोपर्यंत जगभरच्या लोकांनी असंख्य खिडक्या बंद करण्यात किती तास घालवले असतील याचा हिशेब नाही. एक बंद करावी तर दोन उघडत. काही खिडक्या मुद्दाम मुख्य खिडकीच्या मागे दडून बसत, म्हणजे सर्व काम आटोपल्यावर त्या दिसाव्यात आणि कोणत्या वेबसाइटने त्या आणल्या ते कळूही नये.

साहजिकच ब्राउझर बनवणाऱ्यांनी पहारा बसवला. ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझरांत तो आधी आला. ॲपलचा सफारी ब्राउझर जानेवारी २००३ मध्ये आला तोच ही सोय घेऊन. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर ती इंटरनेट एक्स्प्लोररमध्येही आली आणि मग बहुतेक सर्व लोकांच्या संगणकावर पोहोचली.

आता मुख्य प्रश्न. ही खिडकी जाहिरातीची आहे आणि ही पावतीची आहे, हे ब्राउझर ओळखतो कसे?

उत्तर असे की तो ओळखतच नाही. पॉप-अप ब्लॉकर खिडकीतील मजकूर वाचत नाही. तो फक्त एवढेच विचारतो, 'ही खिडकी माणसाने मागितली, की पानाने स्वतःच्या मनाने?' माणसाने मागितली असेल तर जाऊ द्यावे, नसेल तर अडवावे. हा नियम विलक्षण साधा आहे आणि त्याच्यात शहाणपणही आहे, कारण जाहिरात कशाला म्हणावे यावर वाद होऊ शकतो, परंतु बटण दाबले होते की नव्हते यावर होऊ शकत नाही. याच कारणाने हा पहारा अपुराही पडतो. फुकट क्रिकेट सामना किंवा चित्रपट दाखवणाऱ्या काही वेबसाइटवर सामना सुरू करण्यासाठी दाबले की आधी भलतीच खिडकी उघडते, हे विद्यार्थ्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तेथे पानावर एक अदृश्य थर पसरलेला असतो. आपण दाबतो सामन्यासाठी, पण ते दाबणे झेलतो तो थर. ब्राउझरच्या दृष्टीने माणसाने दाबले, आणि खिडकी उघडली. नियमात बसते! त्याचप्रमाणे पानाच्या आतच मजकुरावर येऊन बसणारी जाहिरात ही वेगळी खिडकी नसतेच, म्हणून ब्लॉकर तिच्याकडे पाहतही नाही. आणि पडद्याच्या कोपऱ्यात मधूनमधून उगवणाऱ्या चौकटी म्हणजे बहुधा 'नोटिफिकेशन' असतात. केव्हा तरी आपणच 'अलाउ' दाबून त्यांना परवानगी दिलेली असते. त्यांचाही या पहाऱ्याशी संबंध नाही.

बिल्ल्याचा नियम

'माणसाने मागितली' हे ब्राउझर कसे ठरवतो, यात सगळी गोम आहे. वाचकांपैकी ज्यांनी जुन्या काळी बँकेतून पैसे काढले असतील त्यांना पितळी बिल्ला आठवत असेल. चेक दिला की बिल्ला मिळे, आणि रोखपालाच्या खिडकीत तो बिल्ला परत केला की पैसे मिळत. बिल्ला नाही तर पैसे नाहीत, आणि एका बिल्ल्यावर दोनदा पैसे नाहीत.

ब्राउझरही पानाला असाच एक बिल्ला देतो. आपण पानावर माउसचे बटण दाबले किंवा कळफलकावरील कळ दाबली की त्या क्षणी पानाच्या हाती बिल्ला येतो. एचटीएमएलच्या मानकात याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'क्षणिक सक्रियता' असा करता येईल. पानाने 'विंडो-ओपन' म्हटले की ब्राउझर बिल्ला आहे का ते पाहतो, असला तर काढून घेतो आणि खिडकी उघडू देतो. नसला तर खिडकी उघडत नाही.

बँकेच्या बिल्ल्यापेक्षा यात दोन फरक आहेत. पहिला म्हणजे याला मुदत असते. मानकात म्हटले आहे की ती फार तर काही सेकंदांची असावी. क्रोममध्ये ती पाच सेकंद आहे. दुसरा म्हणजे हे बिल्ले साठवता येत नाहीत. पाच वेळा बटण दाबले म्हणून पाच बिल्ले मिळत नाहीत, फक्त मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. म्हणूनच एका दाबण्यात दोन खिडक्या उघडू पाहणाऱ्या पानाची पहिली खिडकी उघडते आणि दुसरी अडते.

कशाकशाने बिल्ला मिळतो हेही विचारपूर्वक ठरवलेले आहे. माउस नुसता फिरवल्याने मिळत नाही. पान वरखाली सरकवल्याने मिळत नाही. एस्केप ही कळ दाबल्याने मिळत नाही, कारण ती माणूस 'नको' म्हणण्यासाठी दाबतो. मोबाइलच्या पडद्यावर तर बोट टेकवल्याने बिल्ला मिळत नाही, उचलल्यावर मिळतो. असे का बरे? वर्गात हा प्रश्न जरूर विचारावा. बोट टेकवतो तेव्हा आपण दाबणार आहोत की पान सरकवणार आहोत हे ब्राउझरला कळलेले नसते. न सरकवता बोट जागच्या जागी उचलले तरच तो निवडण्याचा हेतू मानता येतो. माउसच्या बाबतीत ही शंका नसते, म्हणून तेथे बटण खाली जाताच बिल्ला मिळतो.

एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या मनात येईल की आज्ञावलीनेच बटण दाबल्याचे नाटक केले तर? तशी सोय भाषेत आहे. पण ब्राउझर प्रत्येक घटनेबरोबर ती खऱ्या हाताने घडली की आज्ञावलीने घडवली याची नोंद ठेवतो. नाटकी दाबण्याला बिल्ला मिळत नाही.

गावात अडते आणि शहरात चालते

आता सुरुवातीच्या पावतीकडे वळू. बटण दाबले ते आपणच, खऱ्या हाताने. मग खिडकी का अडली?

वेबपानातील आज्ञावली दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, काही विचारते तेव्हा उत्तर येईपर्यंत हात जोडून उभी राहत नाही. पोस्टात पत्र टाकून आपण घरी येतो आणि उत्तर आले की पुढचे काम करतो, तसेच येथे घडते. 'उत्तर आले की हे हे कर' असे सांगून ठेवून आज्ञावली मोकळी होते. पावतीच्या पानात बहुतेक वेळा क्रम असा असतो. माणूस बटण दाबतो. पान सर्व्हरला सांगते, 'अमुक विद्यार्थ्याची पावती तयार कर.' सर्व्हर पावती तयार करून तिचा पत्ता पाठवतो. तो पत्ता हाती आल्यावर पान 'विंडो-ओपन' म्हणते.

बिल्ला मिळाला पहिल्या पायरीला आणि वापरायला काढला शेवटच्या पायरीला. मधला वेळ पाच सेकंदांपेक्षा कमी असेल तर खिडकी उघडते. आठ सेकंद लागले तर बिल्ल्याची मुदत संपलेली असते आणि खिडकी अडते. पान बनवणारा बसलेला असतो शहरात, वेगवान जोडणीवर, कित्येकदा सर्व्हर त्याच्याच टेबलावर असतो. त्याला उत्तर निमिषार्धात मिळते. शिवाय बनवताना कधी तरी त्याने त्या वेबसाइटला कायमची परवानगी देऊन टाकलेली असते व ते विसरूनही गेलेला असतो. त्याच्याकडे प्रत्येक वेळी चालते. ज्या शाळेत इंटरनेट मंद, तेथे मात्र अडते. आणि तक्रार केली की 'आमच्याकडे व्यवस्थित चालते आहे' असे उत्तर येते. ते खोटे नसते, म्हणूनच अधिक चीड आणणारे असते.

यातून आणखी एक नुकसान होऊ शकते. काहीच घडले नाही असे वाटून माणूस बटण पुन्हा पुन्हा दाबतो. खिडकी अडली तरी सर्व्हरकडे मागणी मात्र दर वेळी पोहोचलेली असते. ती मागणी नुसती पावती दाखवण्याची असेल तर बिघडत नाही. पण अर्ज नोंदवण्याची किंवा पैसे भरण्याची असेल, आणि सर्व्हरवरही दुहेरी नोंद टाळण्याची व्यवस्था नसेल, तर एकाच मुलाचे तीन अर्ज झालेले आढळतात.

पान बनवणाऱ्याने काय करावे

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे नवी खिडकी खरोखर हवी आहे का हे आधी स्वतःला विचारणे. 'माहिती जतन झाली' किंवा 'नक्की पुसायचे का?' एवढे सांगण्यासाठी वेगळी खिडकी कशाला? पानाच्या आतच चौकट दाखवण्यासाठी एचटीएमएलमध्ये 'डायलॉग' नावाचा घटक आहे आणि २०२२ पासून तो सर्व प्रमुख ब्राउझरांत चालतो. त्याला बिल्ला लागत नाही. कित्येक पाने केवळ सवयीने खिडक्या उघडतात असे आमचे निरीक्षण आहे.

खिडकी हवीच असेल आणि पत्ता आधीपासून माहीत असेल, तर आज्ञावलीच लिहू नये. नव्या खिडकीत उघडणारा साधा दुवा ठेवावा. तो माणूस स्वतः दाबतो, त्यामुळे अडण्याचा प्रश्न येत नाही.

पत्ता सर्व्हरकडून यायचा असेल तेव्हाच खरी अडचण. तेथे एक युक्ती आहे. बटण दाबताक्षणी, सर्व्हरला विचारण्याच्याही आधी, एक कोरी खिडकी उघडून घ्यावी. बिल्ला ताजा असल्याने ती उघडते. तिच्यात 'पावती तयार होत आहे' असे लिहून ठेवावे, नाहीतर माणूस कोरे पान पाहून ते बंद करील. मग सर्व्हरला विचारावे आणि उत्तर आले की त्या आधीच उघडलेल्या खिडकीला नवा पत्ता द्यावा. उघडलेल्या खिडकीत पान बदलायला बिल्ला लागत नाही. उत्तर आलेच नाही, तर ती खिडकी बंद करून मूळ पानावर तसे स्पष्ट सांगावे. ही शेवटची पायरी अनेक जण गाळतात आणि माणूस कोऱ्या खिडकीकडे पाहत बसतो.

आम्हाला याहून आवडतो तो दुसरा मार्ग. 'विंडो-ओपन' ही आज्ञा दिल्यावर ती काही तरी परत करते. खिडकी उघडली तर त्या खिडकीचा हवाला मिळतो, अडली तर 'नल', म्हणजे काहीच नाही. हे उत्तर तपासावे. 'नल' आले तर मूळ पानावरच ठळक अक्षरांत लिहावे, 'पावती तयार आहे, येथे दाबा.' माणूस दाबेल, नवा बिल्ला मिळेल, पावती उघडेल. कोणालाही सेटिंग बदलावे लागत नाही. चार ओळींचे काम आहे, आणि ते न केल्यामुळे मोठाल्या वेबसाइट 'कृपया पॉप-अप ब्लॉकर बंद करा' अशी पाटी लावून मोकळ्या होतात.

या तपासणीत एक खाच मात्र आहे. नवी खिडकी जुन्या खिडकीचा पत्ता बदलू शकते. म्हणजे आपण नव्या खिडकीत वाचत असताना मागे मूळ पानाच्या जागी हुबेहूब दिसणारे खोटे लॉग-इन पान आणून ठेवता येते. हा धोका टाळण्यासाठी 'नो-ओपनर' असा शब्द जोडून दोन्ही खिडक्यांमधला धागा तोडता येतो. साध्या दुव्यांच्या बाबतीत आता प्रमुख ब्राउझर हा धागा स्वतःच तोडतात, 'विंडो-ओपन'च्या बाबतीत ते आपल्याला सांगावे लागते. पण धागा तोडला की हवालाही मिळत नाही! खिडकी नीट उघडलेली असते, तरी उत्तर 'नल' येते. म्हणून 'नो-ओपनर' वापरताना 'नल'चा अर्थ 'अडली' असा घेऊ नये, आणि कोऱ्या खिडकीची युक्तीही त्याच्याबरोबर चालत नाही. दुसऱ्याच्या वेबसाइटचे पान उघडायचे असेल तर साधा दुवाच बरा.

कार्यालयात काय करावे

पान आपण बनवलेले नसते, काम तर आज करायचे असते. तेव्हा ब्लॉकर सरसकट बंद न करता फक्त त्या एका वेबसाइटला परवानगी द्यावी. संगणकावर खिडकी अडली की क्रोम पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एक लहान चिन्ह दाखवतो. ते दाबले की अडवलेल्या खिडकीचा दुवा मिळतो आणि त्या वेबसाइटला नेहमी परवानगी देण्याचा पर्यायही असतो. फायरफॉक्समध्ये पानाच्या वरच्या बाजूला एक पट्टी येते. परवानगी देण्यापूर्वी पत्ता अक्षर न् अक्षर वाचून तो खरोखर त्या खात्याचा आहे ना हे पाहावे. आणि एकदा दाबूनही काही उघडले नाही, तर दुसऱ्यांदा दाबण्यापूर्वी हे चिन्ह शोधावे.

वर्गासाठी प्रयोग

ज्यांच्या शाळेत संगणक कक्ष आहे त्यांना हा नियम मुलांकडून शोधून घेता येईल. एका पानावर चार बटणे करा. पहिले दाबताच खिडकी उघडेल, दुसरे दोन सेकंदांनी उघडेल, तिसरे दहा सेकंदांनी, आणि चौथे दाबताच दोन खिडक्या उघडू पाहील. शिवाय बटण न दाबता, पान उघडताच एक खिडकी उघडण्याची आज्ञाही पानात ठेवा. काय होईल याचा अंदाज मुलांनी आधी वहीत लिहावा. क्रोममध्ये पहिली दोन बटणे चालतील, तिसरे अडेल, चौथ्याची एकच खिडकी उघडेल आणि आपोआप उघडू पाहणारी अडेल. प्रयोगाच्या आधी त्या पानाला परवानगी दिलेली नाही ना, हे तपासा, नाहीतर सगळ्याच खिडक्या उघडतील.

आणखी पुढे जायचे असेल तर ब्राउझरच बिल्ला आहे की नाही ते सांगतो. 'नॅव्हिगेटर'च्या 'युजर-ॲक्टिव्हेशन' या भागात 'इज-ॲक्टिव्ह' नावाची नोंद असते आणि २०२३ पासून ती सर्व प्रमुख ब्राउझरांत वाचता येते. दर अर्ध्या सेकंदाला ती वाचून पानावर 'आहे' किंवा 'नाही' असे लिहिणारी छोटी आज्ञावली करा. एकदा दाबा, घड्याळ लावा आणि 'आहे'चे 'नाही' कधी होते ते मोजा. मोजत असताना पानावर कोठेही दाबू नका, कळफलकालाही हात लावू नका. मध्ये एकदा जरी दाबले तरी नवा बिल्ला मिळतो आणि दहा सेकंदांचे तिसरे बटणही चालून जाऊ शकते. वर्गात कोणा ना कोणाचे तसे होईलच. तेव्हा उत्तर न सांगता त्याचे कारण त्याच गटाला शोधू द्यावे, आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये मुदत किती येते तो आकडा शेजारच्या रकान्यात लिहायला सांगावे.